चित्राची ‘हद्द कायम’ मोजणी

मागच्या मंगळवारी एमआयडीसीतून घरी आलो, तर हॉलच्या भिंतीवरचा एक खिळा मोकळा दिसला... आणि त्याच्या खाली मामा अगदी समाधानाने चहा पीत बसले होते.

मामा म्हणजे माझे सासरे. राहणार पारनेर. सगळी नोकरी सरकारी मोजणी खात्यात झाली, तालुक्यातल्या निम्म्या बांधांची भांडणं त्यांनी मिटवली. नगरला डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणून तीन आठवडे आमच्याकडे मुक्कामाला होते.

आता माझ्याबद्दल. मला अमूर्त भौमितिक चित्रांच्या प्रिंट्स जमवायचा नाद आहे. चौकोन, त्रिकोण, रेघा, बस. हॉलमध्ये अशा अकरा लावल्यात. गॅस सिलिंडर घेऊन येणाऱ्या दादांनी एकदा आपुलकीने विचारलं होतं, बांधकामाचा प्लॅन पास झाला का म्हणून... वैशालीचं, म्हणजे बायकोचं, एवढंच म्हणणं असतं की मध्ये एखादं झाडाबिडाचं चित्र लाव, माणसं घाबरतात.

ऑपरेशननंतर पहिले काही दिवस मामा गप्प पडून होते. मग नजर स्वच्छ झाली आणि ते रोज सकाळी हात मागे बांधून एकेका प्रिंटसमोर उभे राहायला लागले. मला कोण आनंद झाला! मी त्यांना आकारांचा तोल, रिकामी जागा वगैरे बरंच समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, स्केल काय धरलंय? स्केल नसतं म्हटल्यावर ते, एखाद्या घरची वाईट बातमी कळावी तसे गप्प झाले.

तर मंगळवारी काढलेली प्रिंट माझी सगळ्यात लाडकी होती. पुण्यातल्या एका वयस्कर चित्रकर्तीची. काळ्या आणि गेरूच्या रंगातली स्क्रीनप्रिंट, खाली पेन्सिलीने नंबर आणि त्यांची सही. त्यांनी स्वतः कपाटातून काढून मला दिली होती. त्यात डावीकडची एक रेघ कोपऱ्यापर्यंत पोचत नाही, जरा अलीकडेच थांबते. त्या मोकळ्या जागेवर मी गेल्या वर्षी इथेच लांबलचक पोस्ट लिहिली होती. ‘बघणाऱ्यासाठी उघडं ठेवलेलं दार’ असं काहीतरी... तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी बदाम टाकले होते.

प्रिंट डायनिंग टेबलवर होती. फ्रेम व्यवस्थित उघडलेली, बारीक खिळे वाटीत काढून ठेवलेले. रेघ कोपऱ्याला जाऊन भिडली होती. कडक पेन्सिल, पट्टी लावून मारलेली, केसाइतकी बारीक. शेजारी समासात मुंगीएवढ्या अक्षरांत ‘दुरुस्ती’, तारीख आणि मामांची छोटी सही.

“एक हद्द उघडी राहिली हुती, पाव्हणं,” मामा म्हणाले. “मिळवून दिली.”

माझे कान तापले. पण नुकतंच डोळ्याचं ऑपरेशन झालेल्या सासऱ्यांवर ओरडणार कसं? वैशाली स्वयंपाकघराच्या दारातून माझ्या तोंडाकडे बघत होती. मी बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. खोडावं म्हटलं तर कागद खराब होणार...

शेवटी ठरवलं, ज्यांचं चित्र त्यांना सांगून टाकायचं. पुण्याला फोन लावला, अडखळत सगळं सांगितलं. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, डावीकडची का? आतून तिसरी?

मी हो म्हणालो. त्या म्हणाल्या, छापताना स्क्रीन सरकली होती. प्रदर्शनाची घाई होती, सगळ्या प्रती तशाच गेल्या. तेव्हापासून ती रेघ त्यांना खुपतेय, पण आजवर कुणी एका शब्दाने विचारलं नव्हतं. मी बारीक आवाजात विचारलं, म्हणजे ते मुद्दाम नव्हतं? तर म्हणाल्या, छे हो... आणि त्या गृहस्थांना फोन द्या.

दोघं अर्धा तास बोलले. रेघ मारायची शाईची पेनं, उन्हाळ्यात वाळणारी शाई, वयानुसार कापणारा हात... माझ्याशी दिवसाला तीन वाक्यं बोलणारा हा माणूस! रेघ शाईने पक्की करून टाका असं मॅडम म्हणाल्या असाव्यात, कारण मामा एकदम ताठ बसले.

“न्हाई मॅडम. आमी पेन्सिलीनं फक्त दाखवतो. मंजुरी तुमची लागंल.”

रविवारी आम्ही प्रिंट घेऊन पुण्याला गेलो. मॅडमनी भिंगातून रेघ तपासली, मामांच्या सहीशेजारी ‘मान्य’ लिहून सही केली. मग कपाटातले ड्रॉवर उघडून त्या मामांना जुनी कामं दाखवत बसल्या. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर गाडीची किल्ली धरून बसलो होतो. मला कुणी काही विचारलं नाही.

परत येताना शिरूर मागे पडेपर्यंत मामा खिडकीतून शेतांचे बांध बघत होते. मग म्हणाले, “बाई पक्क्या हायेत. चूक लगेच कबूल केली. आमच्या एका सायबानं न्हाई केली कधी.”

काल मामा पारनेरला परत गेले. जाताना बाकीच्यांपैकी चार प्रिंट्स संशयास्पद असल्याचं सांगून गेलेत. घरातल्या सगळ्या पेन्सिली मी वरच्या कपाटात टाकल्यात... पण खरं सांगू? इतकी वर्षं वाटायचं, नगरमध्ये ही चित्रं माझ्यासोबत उभं राहून बघणारं कुणी नाही. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर आहे. डॉक्टरांची तारीख मीच घेऊन आलो, जरा अलीकडची मिळतेय का तेही विचारून बघितलं.