सात पायांची कात

मंडळी, भुतांवर माझा विश्वास असायचं कारणच नाही, कारण मी स्वतः तीन वर्षं भूत होतो. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत, दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडईच्या, म्हणजे जत्रेच्या, हंगामात! तोंडाला किती पावडर लागते, आरोळी कुठून काढायची... सगळं ठाऊक. त्यामुळे कुणी "तिथं काहीतरी दिसतं" म्हणालं, की मी आधी विंगेत कोण उभं आहे ते पाहतो. पुढचं वाचताना एवढं लक्षात ठेवा.

साल २०१३. गोंदियाला फुलचूरमध्ये आमचं घर. खाली माझा फोटो स्टुडिओ, वर मी आणि बायको सुनंदा. वय सत्तेचाळीस, आणि या वयात मला छंद लागला टॅरंटुला पाळायचा. हो, तोच... तळहाताएवढा केसाळ कोळी.

याला जबाबदार मेश्राम सर. हायस्कूलला विज्ञान शिकवतात, माझे वीस वर्षांचे दोस्त. नागपूरच्या कुणा शौकिनाकडून त्यांनी पहिला कोळी आणला आणि दोन वर्षांत आम्ही गोंदियात सात जण झालो. एक होमिओपॅथ डॉक्टर, एक रेल्वेतले तिकीट तपासनीस, असे सगळे. रविवारी सकाळी सरांच्या ओसरीवर डबे घेऊन जमायचं आणि आपापल्या कोळ्याचं कौतुक करायचं. नातवंडांचं करतात तसं.

माझी मादी. नाव राणीसाहेब.

सुनंदा म्हणायची, "घरातलं झुरळ मारू देत नाही हा माणूस. म्हणे राणीसाहेबाचं जेवण आहे!" तिची अट एकच होती. कोळी एकदा जरी पेटीबाहेर दिसला, तर त्याच दिवशी छंद बंद.

आता थोडी शाळा. टॅरंटुला सापासारखी कात टाकतो. मोठी मादी साधारण वर्षातून एकदा. उताणी पडते, जुन्या अंगातून नवं अंग काढते, आणि मागे उरते ती हुबेहूब दुसरा कोळीच वाटावा अशी पोकळ कात. पाय तुटला असेल तर कात टाकल्यावर नवा येतो. राणीसाहेबांचा डावीकडचा तिसरा पाय मीच पेटीचं झाकण लावताना तोडला होता. म्हणून मी कातीची वाट पाहत होतो.

मे महिन्यात एका सकाळी ती पडली! पेटीत सात पायांची कात, आणि बाजूला आठ पायांच्या राणीसाहेब, नवा पाय काडीसारखा बारीक. मी कात काढून मिठाईच्या डब्यात कापसावर ठेवली आणि सरांना फोन केला. सर लगेच आले. तेवढ्यात खाली पासपोर्ट फोटोचं गिऱ्हाईक आलं. दहा मिनिटं सर वर एकटे होते. मग चहा घेऊन गेले.

दुपारी मी पेटीत डोकावलो तर तिथं आणखी एक कात.

मिठाईचा डबा उघडला. पहिली कात जागेवर होती. ही दुसरी तिच्याहून दोन बोटं लांब. पाय सात... डावीकडचा तिसराच नाही.

एका दिवसात दोन काती होतच नाहीत. मग ही कुणाची? आणि तिच्यातून निघालेला कोळी कुठे आहे?

दोन दिवस आम्ही घर उपसलं. गाद्या, कपाट, कुलरची टाकी, सुनंदाच्या लग्नातली ट्रंक. काही नाही. तिसऱ्या दिवशी माझ्यातला नाटकवाला जागा झाला. विंगेत कोण होतं? सर!

तसाच त्यांच्या ओसरीवर गेलो. "सर, मानलं तुम्हाला! दुसरी कात आणली, तिचा बरोबर तोच पाय कापला... कुठून आणली तेवढं सांगा."

सर हसले नाहीत. "मस्करी करून राहिला का शक घेऊन राहिला?"

"थोडं थोडं दोन्ही."

"काऊन रे भाऊ? गावोगाव फिरून मी लोकायच्या अंगातले देव उतरवले. बुवाबाबायची पोल खोलली. आन् तुह्या घरी येऊन मीच चमत्कार करीन?"

"मग वर दुसरं होतं तरी कोण?"

सर म्हणाले, "पेटी सील कर. नऊ दिवस. आत काही नाही निघालं तर मी चोर, गोंदियाभर सांग. पण निघालं... तर हे बोललास ते लक्षात ठेवूनच माह्या दारात येजो."

मी सील केली. झाकणाच्या चारही बाजूंना स्टुडिओतली काळी टेप. टेपवर पांढऱ्या पेनाने सर, सुनंदा आणि मी, तिघांच्या सह्या, अर्ध्या टेपवर, अर्ध्या काचेवर. हवेची भोकं मुंगी जाईल एवढीच. आत पाण्याची वाटी भरलेली. खोलीला कुलूप, किल्ली सुनंदाच्या गळ्यातल्या काळ्या पोतीत.

त्या रविवारी मी सरांच्या ओसरीवर गेलो नाही. वीस वर्षांत असं पहिल्यांदा झालं. सकाळभर स्टुडिओत एकच फ्रेम पुसत बसलो. सर चोर ठरावेत असं मला वाटत होतं की ठरू नयेत, तेच कळेना.

नवव्या दिवशी सकाळी दहाला तिघं वर गेलो. टेप अखंड. सह्या जशाच्या तशा. राणीसाहेब कोपऱ्यात, आठ पायांवर. आणि मधोमध तिसरी कात... गोळा होऊन पडलेली.

टेप सरांनीच कापली. खिशातून भिंग काढलं. केस खरे, विषदातांची टरफलंही खरी. कात पसरायची तर आम्ही ती कोमट पाण्यात भिजवतो. सरांनी भिजवली आणि पेटीच्या झाकणावर एकेक पाय उलगडायला लागले. एक, दोन, तीन... सात. पाय झाकणाच्या दोन्ही कडांवरून खाली लोंबत होते.

मग सुनंदाच म्हणाली, "अवो... एवढा मोठा गेला कुठं?"

सरांनी भिंग खिशात ठेवलं. "भाऊ, मी नाही केलं."

"नाही सर. चुकलो मी."

"बस. झालं मग." एवढं बोलून माझ्या पाठीवर हात ठेवला.

राणीसाहेब डॉक्टरांकडे गेल्या. तिथं वर्षातून एकदा, शहाण्यासारखी, आठ पायांची कात टाकायच्या. त्या तीन काती सर घेऊन गेले. काय केलं ते सांगत नाहीत. त्यांचे स्वतःचे कोळीही त्यांनी महिन्याभरात वाटून टाकले. आमची रविवारची बैठक आता माझ्या स्टुडिओत भरते. सर येतात, गप्पा मारतात, माझी टिंगल करतात. वर या म्हटलं की मात्र गुडघे दुखतात म्हणतात. शाळेत तिसऱ्या मजल्यावर वर्ग घेणारा माणूस!

नागपूरच्या शौकिनाला विचारलं, आणखी दोघा जाणकारांना विचारलं. फोटो पाहून सगळे एकच म्हणतात, कुणीतरी तुमची फिरकी घेतली. मी हो म्हणतो.

पण एक सांगू? सरांनी मला मोठ्या मनाने माफ केलं, आणि मी ती माफी घेतली. तरी त्या सकाळी टेप फाटलेली निघाली असती, सर चोर ठरले असते... तर मी त्यांना तिथंच मिठी मारली असती.