दोन खोल्या आणि जादा टाकी

"यो डबा कनाला?"

"डबा नाही रे, टाकी. जादा टाकी."

"टाकी हाय त्ये मनाबी दिसतं. कनाला, त्ये इचारतंय."

"एका दमात दोन उड्या मारता येतात. मध्ये कुठं उतरायला नको."

"कुटं उतराला नको?"

इमादनं पेन्सिल कानामागं खोवली आणि एका सुताराला बिजागऱ्या दाखवायला उठला. पनवेलच्या बाजारात त्याच्या बापाचं हार्डवेअरचं दुकान होतं. गल्ल्याशेजारी आलेखाच्या कागदावर त्यानं जहाज काढून ठेवलं होतं. पाण्यातलं नव्हे, आभाळातलं. या ताऱ्यावरून त्या ताऱ्यावर जाणारं, शंभर टनाचं, पाचरीसारखं बारकं जहाज.

काउंटरच्या अलीकडं उभ्या गुरुदत्त म्हात्रेनं कागद स्वतःकडं फिरवला. इंजिन होतं. चालवणाऱ्याची जागा होती. एक जादा टाकी माल ठेवायच्या जागेत होती, दुसरी खोल्यांना लागून. आणि झोपायच्या खोल्या होत्या दोन. त्यानं कागद उलटा करून मागची बाजूही बघितली. मागं काही नव्हतं. खोल्या दोनच.

जहाज ज्या खेळासाठी होतं, तो खेळणारे गुरुदत्त धरून तिघं होते.

"इमाद, खोल्या दोनच का कारल्या?"

"कच्चं आहे अजून," सुताराकडं बघतच इमाद म्हणाला.

गुरुदत्तनं आपला पत्रा घेतला, टेम्पोत टाकला आणि निघाला. पण 'कच्चं आहे' म्हणताना माणूस दुसरीकडं का बघतो, हे त्याच्या डोक्यात खिळ्यासारखं रुतलं.

तसा तो जन्माचाच संशयी. कोन या गावचा आगरी गडी. नारळ घेताना टकटक करून बघतात लोक; हा सगळंच वाजवून बघायचा. साखरपुड्यात सासऱ्यानं तांब्याचा हंडा पुढं केला, तर यानं चारचौघांत बोटाची कांडी मारून आवाज ऐकला होता. सासरे अजून सांगतात ते. आयटीआयला वेल्डिंग शिकला, दुसऱ्याच्या गॅरेजात राबला, मग कळंबोलीला ट्रकांच्या अड्ड्याजवळ स्वतःची शेड टाकली. ट्रकला डिझेलची दुसरी टाकी बसवून द्यायचा. त्यातल्याच एका टाकीला पुढं कोणी तरी चोरकप्पा पाडला. आत भलतंच काही सापडलं आणि टाकी कोणी बनवली म्हणून पोलिसांनी याला चौकीत बसवून ठेवलं. सुटला, पण तेव्हापासून टाकी मागणाऱ्या ड्रायव्हरला पहिला प्रश्न हाच, की बाबा, तुला कुठं थांबायचं नाही? ज्याला जास्तीचं तेल लागतं त्याला वाटेत कोणाचं तरी तोंड चुकवायचं असतं, असं त्याचं पक्कं मत झालं होतं.

या खेळातही तो संशयापोटीच शिरला. इमाद दुकानात बसून टाक्यांची चित्रं काढतो हे बघून त्याला वाटलं, पोरगा कसल्या तरी लफड्यात आहे. इमादनं समजावलं: खेळ आहे. एकजण आभाळ रचतो, बंदरं रचतो, बाकीचे जहाजावरची माणसं होतात, काय करायचं ते बोलतात, आणि जमलं की फसलं ते फाशावर ठरतं. गुरुदत्तचा विश्वास बसेना. एका रविवारी तो स्वतः बघायला कामोठ्याला गेला. अनुष्का तिथं गणिताचे क्लास घ्यायची. रविवारी दुपारी तिची खोली रिकामी असे. बेलापूरला नोकरीला असलेला विश्वजीत आभाळ रचायचा. गुरुदत्तनं बसण्याआधी पेलाभर पाणी मागितलं, खिशातली मिठाची पुडी त्यात सोडली आणि विश्वजीतचे फासे त्यात टाकले. एकच बाजू सारखी वर येते का, ते बघायला. फासे साफ निघाले. "मग बसतंय," म्हणून तो बसला, तो काही वर्षं उठलाच नाही. शेडमधला घण, गिऱ्हाइकाची कटकट, सगळं तिथं बाहेर राहायचं. त्या बाकावर आपलीही जागा आहे, याचं त्याला मनातून फार होतं. बोलून दाखवलं नाही कधी.

हल्ली मात्र काम वाढलं होतं. रविवारीही गाड्या यायच्या. त्याचे बरेच रविवार बुडाले, आणि कळवायचं त्याच्या डोक्यातही आलं नाही.

घरी त्यानं बायकोला, सुमतीला सांगितलं. ती बोंबील साफ करत होती.

"खेळातनं मना कारला त्यांनी," तो म्हणाला. "आगरी बोलतंय, अंगाला कार्बाइडचा वास. कामोठ्याच्या लोकांना नको झालाव आमी."

"इतकी वरसं वास नाय आला त्यांना?" सुमतीनं बोंबलाचं मुंडकं उडवलं. "पंगतीत पान मांडलं, तुमी हात धुवाला गेलाव न तिकरंच ऱ्हायलाव. मंग पान उचलतीलच ना."

"म्हंजे तू पन त्यांच्यातलीच."

"मी बोंबलांतली. सरका तिकरं."

त्यानं विश्वजीतला फोन लावला. रविवारी बसणार का, म्हणून विचारलं. विश्वजीत हो म्हणाला, पण म्हणायच्या आधी थोडा थांबला. तो थांबला कशाला, याचा गुरुदत्तनं सगळा आठवडा कीस पाडला. वेल्डिंग करताना दोनदा काच खाली घ्यायला विसरला आणि डोळे चुरचुरत बसला.

रविवारी त्यानं शेडला कुलूप लावलं आणि कामोठ्याला गेला. इमादनं जहाज फळ्यावर मोठं काढलं होतं. खोल्या दोनच. गुरुदत्त बाकावर बसला नाही. दारातच उभा राहिला.

"तिसरी खोली कुटं हाय?"

विश्वजीतनं चष्मा पुसायला काढला. अनुष्का मात्र सरळ बोलली.

"तू येणार नाहीस असं आम्ही धरलं होतं."

"धरलं नव्हतं, समजलो होतो," विश्वजीत म्हणाला.

"एकच आहे ते," अनुष्का म्हणाली. "फोन उचलायचा नाहीस, करायचा नाहीस. काय समजायचं आम्ही?"

"पन खोली कोनी कारली?"

"मी," इमाद म्हणाला. आता तो सरळ बघत होता. "मीच काढली. जहाज शंभर टनाचं, ते काही फुगत नाही. तुझी खोली गेली तेव्हा त्या जागी दुसरी टाकी बसली. ती असली की मधल्या बंदरावर उतरावं लागत नाही. तिथं तो जकातवाला बसलाय, ज्याला आपण गंडवून पळालो होतो. उतरलो की धरतोय तो. तू जहाजावर असलास की उतरावं लागतं."

"म्हंजे मी नायतर टाकी."

"हां. असंच झालं ते, यार. खोटं कशाला बोलू?"

गुरुदत्तला उलट बरं वाटलं. संशय खरा निघाला, आणि खरा निघालेला संशय हातात धरता येतो.

अनुष्कानं डस्टर उचललं. "टाकी पुसते. याची खोली काढू. बंदरावर जे होईल ते होईल."

किती रात्री घालवून इमादनं ते गणित बसवलं होतं, ते त्याच्या तोंडावर दिसलं.

"थांबा," गुरुदत्त म्हणाला.

त्याच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. आज टाकी पुसली तर उद्या जकातवाला धरणार, जहाज जप्त होणार, आणि मग कायमचं 'गुरुदत्तमुळं' होणार. फुकटची जागा नको त्याला. त्यानं फळ्याजवळ जाऊन दोन्ही खोल्यांवर बोट ठेवलं. ट्रकमध्ये ड्रायव्हर आणि क्लीनरला गादी एकच असते. एक चालवतो, एक झोपतो. गादी कधी थंड होत नाही.

"टाकी ऱ्हाऊ दे. मी या इमादच्या खोलीत."

विश्वजीतनं नियमाचं पुस्तक चाळलं. "चालतं. एका खोलीत दोघं बसतात. पण प्रवास लांबला की दोघांचं पटतंय का, त्याचा फासा टाकावा लागेल."

"टाक ना. मिठाच्या पान्यातनं कारलेला हाय."

"पण माझ्याच खोलीत का?" इमाद म्हणाला. "अनुष्काच्या नको, समजलं. पण मी तुला खोलीबाहेर काढलं, आणि तू माझ्याच गादीवर?"

"म्हनूनच. जहाज चालवनार तू. जादा टाकी मागितली तू. माझी खोली खाल्ली तू. तुझ्यावर नजर ठेवाला कोन तरी पायजे. तू जागा ऱ्हाशील तवा मी एक डोला उघरा ठेवून झोपीन."

"शक करतोस माझ्यावर?"

"करतंय."

"या अल्ला. आणि याच्याच घामाच्या गादीवर मी झोपायचं."

"चादर तुझी तू आन," गुरुदत्त म्हणाला आणि बाकावर बसला. बसल्या बसल्या पुढं म्हणाला, "न त्या टाकीला हात जाईल एवढं भोक ठेव. ढाकनाचं. आत काय हाय त्ये बघाला."

"आत तेल आहे."

"त्ये बघू."

इमादनं पुटपुटत टाकीवर एक बारका गोल काढला. गुरुदत्त गोलाकडं बघत राहिला. इमाद इतक्या लवकर कसा मानला, हे त्याला काही पटलं नव्हतं.

सोमवारी शेडसमोर नाशिककडचा एक ट्रक उभा होता. जुनी टाकी गळत होती. ड्रायव्हर म्हणाला, आता डाग द्या, आणि दुसरी टाकी येत्या रविवारी बसवून द्या, तेव्हाच गाडी रिकामी असते.

"आयतवारी शेड बंद."

"मागच्या महिन्यात तर उघडी होती की."

"आथा बंद."

"का, देवाला जाताय?"

"एकावर नजर ठेवाची हाय."

ड्रायव्हर हसला, याचं तोंड बघून गप्प झाला. मग शनिवारी संध्याकाळी गाडी आणतो म्हणाला. गुरुदत्तनं टाकी खाली उतरवली, धुतली, वास घेऊन बघितला, पुन्हा धुतली. मग गळकी जागा वर येईल अशी टाकी कलती करून विटांवर टेकवली आणि नळी लावून त्या जागेच्या खालपर्यंत पाणी भरलं, म्हणजे आत तेलाची वाफ कोंडायला नको. काच डोळ्यांवर ओढली आणि वेल्डिंगची कांडी पत्र्याला लावली.