विलासच्या होडीचं छत

माझ्या भावजयीचा, सुनंदाचा फोन आला तेव्हा मी धुळ्याला गच्चीवर वाळवणाला ज्वारीचे बिबडे घालत होते. “अक्का, हे गेले,” एवढंच ती म्हणाली. फोन मात्र दोघींपैकी कुणी ठेवला नाही... विलास, माझा धाकटा भाऊ, आता राहणार नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आधी ठाऊक असलं की सोपं जातं, असं लोक म्हणतात. जात नाही. मी खाली बसून उरलेले बिबडे घालत राहिले, कारण हातांना दुसरं काय सांगावं ते सुचेना.

तापीकाठच्या आमच्या खेड्यातून उठलेला हा मुलगा जन्मभर मालवाहू जहाजांच्या इंजिनखोलीत राबला. निवृत्त होऊन जळगावला, मेहरूण तलावाजवळ घर बांधलं, आणि एक दिवस ट्रेलरवर चढवून कोकणातून जुनी शिडाची होडी घरी आणली. दोघांना झोपता येईल एवढी केबिन असलेली. गल्ली गोळा झाली. “विलासभाऊ, तलावात फिरवणार का हिला?” कुणीतरी विचारलं. मीही त्याला आमच्या अहिराणीत झापलं, “हाई काय करी बसना रे तू?” तो हसला नाही. म्हणाला, “अक्का, जलमभर समुद्रवर ऱ्हायनू, पन इंजिनना आवाजबिगर समुद्र कधी आयकाच नही.” होडी घरी दुरुस्त करायची, परत कोकणात न्यायची आणि सुनंदाला घेऊन नुसत्या वाऱ्यावर गोव्यापर्यंत जायचं, असं त्याच्या मनात होतं. मला समुद्रातलं काही कळत नाही, पण त्यानंतर मी त्याला कधी हटकलं नाही.

होडीचं बाकी सगळं बरं होतं, केबिनचं छत तेवढं वाईट. छताला आतून फोमचं आणि रेक्झिनचं अस्तर चिकटवलेलं होतं. ते जागोजागी सुटून पोटासारखं लोंबत होतं, बसलं की डोक्याला लागायचं. विलासने ते ओढून काढलं तेव्हा आतल्या फोमचा पिवळा चिकट भुगा त्याच्या भुवयांत, मिशीत जाऊन बसला. जुना गोंद खरवडण्यात हिवाळा गेला. मग त्याने दुधी रंगाचं नवं अस्तर चिकटवलं, मुद्दाम मला बोलावून दाखवलं. फार देखणं दिसत होतं ते. आणि मग आला जळगावचा मे महिना, वर पत्र्याची शेड... “बठ्ठं पडी गयं, अक्का,” फोनवर तो हसत सांगत होता. गोंद वितळून सगळं अस्तर खाली आलं होतं.

दुसऱ्या खेपेला त्याने गोंदाचा नाद सोडला. छताला लाकडी पट्ट्या मारल्या, पातळ प्लायवूडचे तुकडे कापून त्यांच्यावर कापड ताणलं. हे तुकडे वर धरून पट्ट्यांना स्क्रूने बसवायचे होते. मी तेव्हा चार दिवस तिथेच होते. केबिनच्या दारातून पाहत होते. त्याने एक तुकडा दोन्ही हातांनी वर धरला, आणि त्याचा डावा हात हळूहळू खाली आला. त्याने परत वर नेला. परत आला. तो हाताकडे परक्याच्या हाताकडे पाहावं तसा पाहत राहिला. “अक्का, मना हात मनं आयकत नही.” खांदा आखडला असेल, म्हणून आम्ही तेल चोळलं, शेक दिला. नाशिकच्या डॉक्टरांनी मात्र सगळं सरळ सांगितलं : स्नायू हलवणाऱ्या नसाच मरत चालल्या आहेत, याच्यावर औषध नाही.

मग हात गेले, पाय गेले, शेवटी बोलणंही गेलं. आम्ही प्रश्न विचारायचा. डोळे मिटले तर हो, उघडे ठेवले तर नाही. सुनंदाने एका दुपारी विचारलं, “छत पुरं करू?” त्याने लगेच डोळे मिटले. सुताराला बोलवू? नाही. आम्ही करू? हो. शेजारच्या चौघांनी त्याला खुर्चीसकट होडीवर चढवलं आणि केबिनमधल्या बाकावर निजवलं. मी तुकडा धरायची, सुनंदा स्क्रू पिळायची. साठीच्या पुढच्या दोन बायका आम्ही, मान वर करून करून डोळ्यांपुढे अंधारी यायची. मधला मोठा तुकडा वाकडा बसला. त्याची नजर तिथेच खिळली. “काढू?” हो. काढला, बसवला, पुन्हा वाकडा. “काढू?” हो. तिसऱ्यांदा बसवला तेव्हा सुनंदाचे दंड थरथरत होते आणि तुकडा होता तसाच तिरपा. तिने विचारलं, “परत काढू का हो?” विलासने तिच्या हातांकडे पाहिलं आणि डोळे उघडे ठेवले. पापणी लवली तर हो समजतील, म्हणून ताणून ठेवले... पाणी भरून कानांपर्यंत ओघळलं तरी लवू दिले नाहीत. मी ते पुसलंही नाही. हातात वरचा तुकडा होता.

त्यानंतर तो फार राहिला नाही.

गेल्या आठवड्यात मेहरूणला गेले तर घर उघडं आणि आत कुणी नाही. होडीला शिडी लावलेली दिसली. सुनंदा केबिनमध्ये बाकावर पडली होती, घामाने निथळत, वर बघत. होडी विकून टाका, जागा मोकळी होईल, असं नातलग म्हणतात. पाहायला माणसंही येऊन गेली म्हणे.

“अक्का, हिचं काय करू हो मी?”

“आज काही करू नको.”

“आणि उद्या?”

मी वाकून आत शिरले. “उद्याही जेवण झालं की इथे येऊन पड,” मी म्हटलं. ती भिंतीकडे सरकली आणि माझ्यापुरती जागा केली.