उलट्या आट्यांची रिंग

अख्ख्या तंजावुरात माझ्या भावोजींइतका भित्रा माणूस नाही, आणि त्यांच्या सायकलीइतकी धोक्याची सायकलही नाही. भावोजी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान. वीज खात्याच्या कचेरीत चौतीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झाले. तिथे इतकी वर्षं काढूनही घरातलं बटण मात्र ते आजही चप्पल घालून, कोरड्या हाताने आणि शक्यतो दुसऱ्या कोणाला सांगून दाबतात. रस्त्याच्या कडेने चाललं तर डोक्यात नारळ पडेल म्हणून ते मधोमध चालतात. मागून येणारा ऑटोवाला ओरडला की शांतपणे म्हणतात, "तू हॉर्न तरी वाजवतोस बाबा. नारळ वाजवत नाही." हॉटेलात दाराजवळचं टेबल, देवळात घंटेपासून चार हात लांब, आणि कुकर लावला की तिसरी शिट्टी होईपर्यंत शेजारच्या खोलीत. माझी बहीण म्हणायची, "यांना मोठ्या देवळात एकटं सोडू नको, दादा. नंदी पक्का बसवलाय की नाही ते हलवून बघतील."

त्यांची मुख्य सवय म्हणजे आवळणे. दिसेल तो स्क्रू, दिसेल तो नट ते आवळतात. खिशात पेनाच्या जागी छोटा स्क्रूड्रायव्हर असतो. लग्नाला गेले तर पंगतीआधी खुर्च्या तपासतात. एकदा माझ्या वाचनाच्या खुर्चीचा पाय त्यांनी इतका आवळला की लाकूडच चिरलं. मी सहसा बोलत नाही. तेच म्हणाले, "बघा, लाकूड कच्चं होतं. तुम्ही बसल्यावर चिरलं असतं तर?"

असा माणूस ब्रेक नसलेल्या सायकलीवर कसा बसला, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. सायकल माझ्या भाच्याची. परदेशी नोकरीला जाताना तो ती घरी ठेवून गेला. तिला एकच गिअर, आणि मागचं दातेरी चक्र चाकाला घट्ट धरून बसलेलं. चाक फिरतं तोवर पेडल फिरणारच. पाय स्वस्थ ठेवून उतारावरून घरंगळत जायची सोय नाही. थांबायचं तर पायांनी पेडल मागे रेटायचं. भाच्याने पुढच्या चाकाला ब्रेक लावून घेतला होता. भावोजींनी तो स्वतः काढून टाकला. "ब्रेकची तार कधीही तुटते," ते म्हणाले. "तुटू शकेल अशी वस्तू ठेवायचीच कशाला? पाय काय तुटणार आहेत?" भीतीच्या वाटेने चालत चालत हा माणूस बरोबर भीतीच्या दाराशी येऊन उभा राहिला होता, आणि त्याला वाटत होतं की आपण सुखरूप घरी पोचलो.

आठ महिन्यांपूर्वी माझी बहीण गेली. तेव्हापासून दर महिन्याच्या तिथीला भावोजी तिरुवैयारूला कावेरीवर स्नानाला जातात, तेही याच सायकलीवर, कारण बसचे ड्रायव्हर त्यांना भरवशाचे वाटत नाहीत. तेरा किलोमीटरचा अरुंद रस्ता, वाटेत एकामागून एक नद्यांचे पूल, आणि प्रत्येक पुलाला चढ-उतार. मी मागून मोपेडवर जातो. मला नदीवर काही करायचं नसतं. मी फक्त त्यांच्या पाठीकडे बघत असतो. ती गेल्यावर या गावात माझ्याशी मराठीत बोलणारं हे एकच माणूस उरलं आहे. तमिळच्या चालीवर चालणारी आमची मराठी, अर्धे शब्द तमिळचे, पण भांडलो तरी आम्ही तिच्यातच भांडतो. ती पाठ एखाद्या बसखाली गेली तर मी कोणाशी काय बोलणार, हा विचार मला पहिल्या पुलापासूनच सुरू होतो.

पाचव्या महिन्यात सायकल कुरकुर करू लागली. पेडल मागे रेटलं की पाव फेरा मोकळंच जायचं, मग खट्ट करून धरायचं. भावोजींनी यावर त्यांच्या पद्धतीचा उपाय सुरू केला. मागच्या चक्राला धरून ठेवणारी एक खाचांची रिंग असते. रोज सकाळी कॉफीच्या आधी ते तिच्या खाचेत स्क्रूड्रायव्हर टेकवून छोट्या हातोडीने एक ठोका देऊ लागले. "आधीही देत होतो, आठवड्यातून एकदा. आता रोज देतो. रोज थोडी सरकते, म्हणजे रोज थोडी आवळली जाते," ते मला समाधानाने म्हणाले. मला यंत्रातलं काही कळत नाही. मी मान हलवली. ती मान हलवल्याबद्दल मी अजून स्वतःला माफ केलेलं नाही.

सहाव्या तिथीला वेण्णार नदीच्या पुलाच्या उतारावर पुढे बस थांबली. भावोजींनी पेडल मागे रेटलं आणि मला मागून स्पष्ट दिसलं की पाय थांबले पण चाक थांबलं नाही. ते बसच्या डावीकडून, वीतभर अंतराने, सरळ रस्त्याकडेला रचलेल्या भाताच्या पेंढ्यात घुसले. मी पोचलो तेव्हा ते पेंढ्यात बसून चष्मा पुसत होते. म्हणाले, "दादा, मी घाबरलो नाही. घाबरायला वेळच मिळाला नाही." सायकल टेम्पोत घातली आणि आम्ही परत आलो.

जुन्या बसस्टँडमागे एक म्हातारा सायकलवाला आहे. त्याने चाक काढलं, रिंग बोटाने फिरवली, ती बोटानेच फिरली. मग त्याने तमिळमध्ये विचारलं, "हिला हात कोणी लावला?"

"मी रोज आवळतो," भावोजी म्हणाले.

"आवळत नव्हता, सार. सोडत होता. हिचे आटे उलटे असतात. पेडल मागे रेटलं की चक्र सुटू बघतं, म्हणून त्याला अडवणारी रिंग उलट्या बाजूने बसवतात. बाकी सगळे नट उजवीकडे आवळतात, ही एकटी डावीकडे."

भावोजी बाकावर बसले. म्हाताऱ्याने चक्र काढून आटे रॉकेलने घासले, उन्हाकडे धरून पाहिले आणि अजून शाबूत आहेत म्हणाला. ग्रीस लावून, साखळीच्या पान्याने चक्र घट्ट बसवलं, वरून रिंग डावीकडे फिरवून आवळली. चाक मागे ओढून साखळी बोटाने अर्धा इंच हलेल इतकी ताणली आणि दोन्ही बाजूंचे नट पक्के केले. मग न विचारता पुढच्या चाकाला ब्रेक लावायला घेतला.

"तार तुटली तर?" भावोजींनी हळूच विचारलं.

"तार तुटली तर पाय आहेत. पाय हुकले तर तार आहे. दोन्ही एकदम जायची वेळ आली असेल तर घरी खुर्चीतही येईल. ब्रेकशिवाय मी गाडी देणार नाही, सार."

एरवी भावोजींनी यावर अर्धा तास वाद घातला असता. आज ते माझ्याकडे न बघता आमच्या मराठीत म्हणाले, "दादा, तिच्या औषधांचं पण असंच झालं का? मी घड्याळ लावून देत होतो. एक गोळी चुकवली नाही. मी आवळत होतो की सोडत होतो?"

मला वाटत होतं, हा माणूस नारळाला भितो, शिट्टीला भितो. तो सहा महिने कशाला भीत होता ते मला तेव्हा कळलं.

"नाही," मी म्हणालो. "डॉक्टरांनी तुमच्यासमोरच सांगितलं होतं. गोळ्या बरोबर होत्या, वेळा बरोबर होत्या. आजारच पुढे गेलेला होता."

"सांगितलं होतं. पण परत सांगा."

मी परत सांगितलं. सायकलवाल्याला भाषा कळत नव्हती, तरी त्याने पाना खाली ठेवला होता.

सातव्या तिथीला त्यांनी नदीच्या पायरीवर तेच विचारलं आणि मी तेच सांगितलं, शब्द न बदलता. मी एका ठिकाणी अडखळलो तर म्हणाले, "वेळा बरोबर होत्या, ते राहिलं."

परवा आठवी तिथी झाली. भावोजी पुलाच्या उतारावर दोन बोटं ब्रेकवर ठेवून, पाय फिरवत, अगदी सावकाश उतरले. स्नान झालं, कपडे बदलून झाले, पितळी वाटी-पेल्यातली कॉफी झाली. त्यांनी काही विचारलं नाही. मी वाट पाहत होतो. परतीच्या वाटेवर पहिला पूल गेला, दुसरा गेला. मग मीच मोपेड पुढे काढून त्यांच्या बरोबरीने आणली आणि विचारलं, "भावोजी, डॉक्टर काय म्हणाले होते?"

त्यांनी ब्रेक दाबला, सायकल कडेला घेतली आणि एक पाय जमिनीला टेकवून, कॉलेजच्या मुलाला समजवावं तसं मला पहिल्यापासून सगळं सांगितलं.