भिंतीकडे तोंड केलेला फोटो

रोज सकाळी केर काढता काढता पडदेवाली कपाटापाशी थांबायची, वर ठेवलेल्या फोटोच्या काचेवरून फडकं फिरवायची आणि तो भिंतीकडे तोंड करून ठेवायची. वर्गात दंगा करणाऱ्या मुलाला उभं करतात, अगदी तसा. संध्याकाळी तिचा नवरा घरी यायचा, चपला काढायचा, एक शब्द न बोलता फोटो सरळ करायचा आणि मग चहा मागायचा. सगळा संसार असा गेला. भांडायला दोघांना विषय कमी नव्हते, विजेचं बिल होतं, मुलीचा हट्टी स्वभाव कुणाकडून आला हा कधीच न मिटलेला वाद होता. फोटोचं भांडण मात्र मुक्यानेच चालायचं.

ती घरी पडदे शिवायची म्हणून गल्लीत तिचं नाव पडदेवाली. नवरा टीव्हीच्या स्टुडिओत प्रॉपर्टी खात्यात होता. लग्न ठरताना तिच्या मामाने सगळ्या नात्यात सांगितलं, ‘मुलाची मोठी प्रॉपर्टी आहे.’ नंतर कळलं की प्रॉपर्टी म्हणजे नटनट्यांच्या हातात जे जे सामान दिसतं ते, आणि त्यातलं काहीही घरी आणता येत नाही. छत्र्या, फोन, सुटकेसा, खोटी फुलं. आणि लग्नाच्या वर्षी हेरांची मालिका सुरू झाल्यापासून पिस्तुलं.

लग्नाला फार दिवस झाले नव्हते. एका संध्याकाळी त्याने खिडकीच्या काचा बसवायच्या पुट्टीचा गोळा घरी आणला आणि तिच्या हातात दिला.

“घट्ट धर. अजून घट्ट. आता हळूच सोड.”

पुट्टीवर तिच्या बोटांच्या खाचा उमटल्या. त्याने तो गोळा उजेडात फिरवून पाहिला आणि म्हणाला, “छान.” तेवढंच. त्या ‘छान’वर ती बरेच दिवस जगली. आपल्यासाठी काहीतरी घडवतोय, आरशाची मूठ असेल, ब्रशची असेल, असं ती शिवता शिवता मनात म्हणायची. तो संध्याकाळी उशिरा यायचा तेव्हा त्याच्या बाह्यांवर लाकडाचा भुसा असायचा. तो झटकताना तिला हसू यायचं.

आणि मग पेपरात तो फोटो आला. बाह्या सरसावलेला तिचा नवरा, त्याच्यासमोर लांब कोट घातलेली, भुवया कोरलेली मालिकेची नायिका. नायिकेच्या हातात छोटं पिस्तूल, आणि पिस्तूल धरलेल्या तिच्या बोटांवर त्याची बोटं. खाली छापलं होतं की कुशल कारागिराने नायिकेसाठी हे पिस्तूल खास हाताने घडवलं.

“माझ्या मुठीचं माप घेतलं आणि पिस्तूल त्या बयेला!” ती बहिणीकडे जाऊन रडली.

बहीण हसत सुटली. “अगं, पिस्तूलच दिलं ना? अंगठी तर नाही ना दिली!”

“अंगठी परवडली असती,” पडदेवाली म्हणाली. “अंगठीला दुसऱ्या बाईचं माप लागत नाही.”

तो मात्र त्या कात्रणाला चौकट करून घेऊन आला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ती भिंतीकडे फिरवली.

त्याच सुमारास तव्याची जळकी मूठ त्याने बदलून दिली. नवी मूठ गडद लाकडाची होती, बोटांच्या खाचा पाडलेली, बाजूंना बारीक जाळी कोरलेली. तिने ती लाच समजून घेतली, पण तवा तिच्या हातात असा बसला की पुढे घरातली सगळी भांडी बदलली तरी तो राहिला. मुलीने लग्नानंतर मागितला होता. “धरून तर बघ,” आई म्हणाली. मुलीने उचलला, तर तिच्या लांब बोटांना त्या खाचा जुळेनात. “बघ, नाही बसत,” असं म्हणून आईने तो परत घेतला, जरा अभिमानानेच.

मालिका आठवड्यातून एकदा लागायची. पडदेवाली टीव्हीकडे पाठ करून मशीनवर बसायची. नायक बोलत असला की मशीन शांत, नायिका आली की मशीन असं धडधडायचं की तिचं एक वाक्य कुणाला ऐकू येऊ नये. नवरा कानाशी हात धरून पुढे सरकायचा, पण मशीन थांबव असं कधी म्हणाला नाही. त्या काळातल्या पडद्यांना जिथे जिथे वाकडी शिवण सापडेल, तिथे तिथे ती बया आली होती असं समजावं.

मालिका संपली, नवरा निवृत्त झाला, नायिकाही कुठे दिसेनाशी झाली. मत्सर मात्र निवृत्त झाला नाही. त्याला ना पगार लागतो ना पेन्शन.

मग एका सुट्टीच्या सकाळी दातांचे डॉक्टर आले. पन्नाशीचे, गोल चेहऱ्याचे, लहानपणी त्या मालिकेने वेड लावलेले. त्यांचा छंद असा की जुने भाग लावायचे, चित्र जागच्या जागी थांबवायचं आणि कुठल्या प्रसंगात कुठलं पिस्तूल वापरलं ते ओळखायचं. स्टुडिओच्या गोदामात पिस्तुलांची पेटी सापडली होती, तिचं प्रदर्शन भरणार होतं, आणि पेटीतलं कुठलं कुठलं हे ठरवायचं काम डॉक्टरांनी हौसेने अंगावर घेतलं होतं. त्यांनी टेबलावर कापड पसरलं, डोळ्याला भिंग लावलं आणि एकेक पिस्तूल दाढ तपासावी तसं तपासू लागले. पडदेवाली शेजारच्या खोलीत मशीनवर होती. दार उघडंच होतं.

“काका, हे खरं वाटतंय.”

“खरंच आहे. नळीत शिसं ओतून बुजवलंय. अगदी जवळून दाखवायचं तेव्हाच बाहेर काढायचो.”

“आणि हे?”

“रबर. जिन्यावरून पडायचं असलं की हे द्यायचं. नाहीतर नटाच्या बरगड्या जायच्या.”

“म्हणूनच!” डॉक्टरांनी मांडीवर थाप मारली. “नायक पडतो आणि पिस्तूल बेडकासारखं उडी मारतं! पण ही लाकडी पिस्तुलं हिरवी का?”

“हिरवा रंग उरला होता. चित्र काळंपांढरं. हिरवं काय नि काळं काय!”

“या घोड्याजवळच्या ओरखड्याने मला छळलंय, काका. शेवटच्या झटापटीत तो नायकाच्या पिस्तुलावरही दिसतो आणि खलनायकाच्याही.”

“एकच होतं ते. एकाचं चित्रण झालं की दुसऱ्याच्या हातात द्यायचो.”

“म्हणजे दोघं एकाच पिस्तुलाने एकमेकांवर गोळ्या झाडत होते?”

“संसारासारखंच,” आतून पडदेवाली म्हणाली.

डॉक्टर हसले. नवरा हसला नाही, कारण डॉक्टरांनी आता कापसात गुंडाळलेली छोटी वस्तू बाहेर काढली होती. “आणि हे नायिकेचं. पेपरात फोटो आला होता ना तुमचा?”

“भिंतीला विचारा,” आतून आवाज आला.

नवऱ्याने उठून फोटो सरळ केला. डॉक्टरांनी भिंग आधी फोटोवर धरलं, मग वस्तूवर. “काका, हे घडवलंत कसं?”

“ते… आठवत नाही मला.”

मशीन थांबलं. कुठला खिळा कुठल्या कपाटातून काढला हे सांगणारा माणूस, आणि त्याला हे आठवत नाही? माणूस दोनच गोष्टींबद्दल आठवत नाही म्हणतो. एक, जी खरंच विसरला. दुसरी, जी इतकी जवळची आहे की दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही. इतकी वर्षं ती नुसत्या संशयावर जगत होती. आज कबुली मिळाली असं तिला वाटलं.

तेवढ्यात ‘टिक’ असा आवाज झाला.

डॉक्टरांनी घोडा ओढला होता. पिस्तुलाच्या पाठीवरचं झाकण टुणकन उघडलं. आत एक छोटं चाक आणि काळवंडलेली वात. डॉक्टर खूश होऊन म्हणाले, “वाटलंच होतं! दारात उभी असते त्या प्रसंगात झाकण किंचित वर दिसतं. काका, हा सिगारेटचा लायटर आहे. दुकानातला. तुम्ही घडवलेलं ते हे नव्हेच.”

पडदेवाली दारात येऊन उभी राहिली. नवऱ्याचे कान लालबुंद झाले होते.

“इतकी वर्षं मी जळत होते,” ती म्हणाली, “ती एका लायटरवर?”

“अगं, मी घडवलं होतं,” तो खाली बघून बोलू लागला. “लाकडाचं. कितीतरी संध्याकाळी खपलो. तिने हातात घेतलं आणि हसली. म्हणाली, ही मूठ कुणा कष्टकरी बाईची आहे, माझी बोटं यात हरवतात. मग सगळेच हसले. मी बाजारात जाऊन हा लायटर आणला. दुसऱ्या दिवशी पेपरवाले आले, त्यांनी मनानेच लिहिलं. मी गप्प बसलो.”

“त्यांच्यापुढे गप्प बसलात ते ठीक. माझ्यापुढे?”

“तुला सांगणार होतो. पण तू फोटो उलटा ठेवलास.” त्याने लायटरचं झाकण बंद केलं. “माझ्यावरून कुणी असं जळेल असं मला कधी वाटलंच नव्हतं. बरं वाटलं.”

“बरं वाटलं!” ती म्हणाली. “ऐका डॉक्टर, यांना बरं वाटलं!” आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली.

तिथे तिला काय करावं सुचेना, म्हणून तिने तवा तापत ठेवला आणि अंडी फोडली. हलकं वाटायला हवं होतं. तसं काही वाटत नव्हतं. इतक्या वर्षांची ठसठसणारी दाढ एकदम उपटावी आणि जीभ सारखी त्या खड्ड्यात जावी, तसं झालं होतं. ती बया गेली, तर मग आता मनात ठेवायचं कुणाला?

डॉक्टर हात धुवायला आत आले आणि नळापाशीच थबकले.

“काकू, थांबा. हलवू नका.”

“अंडं करपेल.”

“करपू द्या.” ते भिंग लावून तव्याच्या मुठीवर वाकले, इतके की तेल उडायचं भय. “ही जाळी घाम आला तरी हात घसरू नये म्हणून कोरतात. हे बुजवलेलं भोक घोड्याच्या खिळीचं. काकू, ही पिस्तुलाची मूठ आहे. काका!”

नवरा दारात आला. “वाया जाणारं लाकूड होतं,” तो पुटपुटला.

पडदेवालीने आपल्या हाताकडे पाहिलं. प्रत्येक बोट आपापल्या खाचेत होतं, रोज सकाळी असायचं तसंच. मग ती बोलली ती अशी की डॉक्टर दोन पावलं मागे सरकले.

“म्हणजे तिने टाकलेलं माझ्या हातात दिलंत!”

“टाकणारच ना ती,” नवरा म्हणाला. “माप तुझं होतं.”

डॉक्टरांना करपलेलं अंडं मिळालं. ते त्यांनी निमूट खाल्लं आणि मूठ प्रदर्शनासाठी मागितली. काचेच्या कपाटात ठेवू, खाली काकांचं नाव लिहू.

“आणि मी अंडी कशात करू? तुमच्या काचेच्या कपाटात?”

दुसऱ्या दिवशी केर काढताना तिने फोटो उलटा केला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. संध्याकाळी नवरा फिरून यायचा, कपाटाकडे हात न्यायचा, फोटो सरळच असायचा. रिकामा हात तो परत घ्यायचा आणि चहा मागायलाच विसरायचा. एकदा त्याने विचारलं, “बरं नाही का तुला?”

“मला काय झालंय?”

पण केर काढताना ती फोटोकडे आता नीट बघू लागली होती. पिस्तूल खोटं निघालं. बोटांवरची बोटं मात्र खरी होती, आणि ती खोटी ठरवणारा डॉक्टर अजून जन्मला नव्हता. तेवढ्याशा लायटरला धरायला शिकवावं काय लागतं?

प्रदर्शनाला नवरा एकटाच गेला. परत आला तेव्हा ती शिवत होती.

“ती आली होती?”

“आली होती. काठी घेऊन.”

“ओळखलं?”

“नाही. मला म्हणाली, तुम्ही लाइटिंगला होतात ना?”

“लाइटिंगला!” पडदेवालीने कात्री आपटली. “इकडे मी आयुष्यभर जीव जाळला, आणि हिला माणूससुद्धा आठवू नये?”

“मी म्हटलं, हो. मग तिने हात मिळवला.”

मशीनचं चाक तिने हाताने धरून थांबवलं. “हात मिळवला?”

“हो.”

“किती वेळ?”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नवरा घरी आला तेव्हा फोटो भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्याने चपला काढल्या, फोटो सरळ केला आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने चहा मागितला.

आता घरात तो एकटाच आहे. सकाळी फोटो तोच उलटा करतो आणि संध्याकाळी तोच सरळ करतो. ज्या सकाळी तिच्या छातीत दुखू लागलं, त्या सकाळी अंडी झाली होती, तवा बेसिनमध्ये होता. मुलगी गाडी घेऊन आली, दोघांनी धरून तिला दारापर्यंत नेलं. उंबऱ्यावर ती थांबली आणि मागे वळून नवऱ्याला म्हणाली, “तवा धुऊन उपडा ठेवा. मूठ पाण्यात राहू देऊ नका, लाकूड फुगतं.”