दुहेरी दोरा

पुस्तक शिवायला घेतलं की खळवाले मामा आधी शेवटचं पान वाचत. कोण मेलं ते त्यांना अगोदर कळायला हवं असे. मग ते पहिल्या पानापासून सगळं वाचून काढत आणि तेव्हा कुठे सुईत दोरा ओवत. धाड गावातल्या आमच्या वाचनालयातली फाटकी पुस्तकं बांधून देणं हे त्यांचं काम. न वाचता पुस्तक बांधणं म्हणजे तोंड न पाहता सोयरीक जुळवणं, असं ते म्हणत. आम्ही शिकलेली मंडळी पुस्तकं न वाचता त्यांवर तास तास बोलत असू, त्यामुळे आम्हाला या बोलण्याची गंमत वाटे.

घरी मामी मैद्याची खळ शिजवत आणि कसर लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालत. त्या खळीचा डबा हातात घेऊन मामा बाजारातून चालत येत, म्हणून ते खळवाले. खरं नाव काय, हे आमच्यापैकी एकानेही विचारलं नव्हतं. धम्मदीक्षेच्या वर्षी त्यांनी वस्तीतल्या पोरांसाठी जुनी पाठ्यपुस्तकं गोळा करून बांधली आणि तेव्हापासून हा धंदा धरला, एवढं ऐकून होतो.

महाराष्ट्र राज्य नुकतं झालं होतं आणि गावोगावी काहीतरी स्थापन करायची सगळ्यांनाच घाई होती. आम्ही 'विश्वकथा मंडळ' स्थापन केलं. गावात पिण्याच्या पाण्याची बोंब होती, पण विश्वाची काळजी आम्हाला आधी. दर शनिवारी संध्याकाळी हेडमास्तर भाषांतरित पुस्तकातली एक परदेशी कथा वाचून दाखवत आणि वाचन संपलं की फळ्यावर तिचा विषय लिहीत. 'करुणा', 'त्याग', 'मानवी दुःख'. तीन-चार शब्दांत सगळ्या देशांचं सगळं भागत असे. समोरच्या खुर्चीत गावातले एक वकील बसत. त्यांच्या कोटाच्या खिशात फक्त शनिवारसाठी राखलेला एक रुमाल असे. गरीब मरायच्या बेताला आला की रुमाल बाहेर निघे. मी त्यांच्या शेजारी बसून मान हलवत असे. हायस्कुलातला नवा मास्तर होतो, मान हलवण्याचाच पगार आहे अशी माझी समजूत होती.

मामा मागे दाराशी पोत्यावर बसत, मांडीवर उसवलेल्या पुस्तकाचे सुटे फर्मे घेऊन. एका शनिवारी एका फ्रेंच शिंप्याची कथा झाली. श्रीमंत घरच्या मुलीचा लग्नाचा झगा शिवता शिवता तो झग्यावरच मान टाकतो. वकिलांचा रुमाल भिजला, हेडमास्तरांनी फळ्यावर 'करुणा' लिहिलं. तेवढ्यात मागून मामांनी विचारलं, त्या शिंप्याच्या बायकोचं नाव काय होतं? हेडमास्तरांनी पानं चाळली. बायको होती, दोन ठिकाणी रडलीही होती, नाव मात्र नव्हतं. मामांनी दोऱ्याला मेण लावलं.

"मंग त्या लेखकाले शिंप्याचं मरन पाहिजे होतं," ते म्हणाले. "शिंपी नाई पाहिजे होता."

हेडमास्तरांनी फळा पुसला. पुढच्या शनिवारी पुन्हा 'करुणा'च लिहिलं.

मला मात्र मामांचा नाद लागला. शाळा सुटली की मी त्यांच्याकडे जाऊन बसे. जगातल्या कथांवर ते तुच्छतेने बोलत, आणि ती तुच्छता कमावलेली होती. कारण प्रत्येक कथा त्यांनी आम्हा सगळ्यांपेक्षा नीट वाचलेली असे. एकदा मंडळाने चार देशांच्या कथांचे चार भाग एकदम बांधायला दिले. चौथा भाग संपवून त्यांनी मला निकाल सांगितला.

"रशियातला थंडीनं मरते, फ्रान्सातला लाजेनं मरते, जपानातला इज्जतीपायी मरते अन् आपला उपाशी मरते. मरनारा गरीब मातर एकच हाय, मास्तर. या देशातून त्या देशात त्याची नुसती बदली होते."

सगळ्याच पुस्तकांना ते असे हाणत नसत. एका जाड पुस्तकात कुठल्याशा अरबी गावच्या धोब्याची गोष्ट होती. सुभेदाराला भर दरबारात वेड्यात काढून हा धोबी घरी जातो, बायकोशेजारी बसून पोटभर जेवतो आणि तिथेच गोष्ट संपते. हेडमास्तरांना त्या गोष्टीला विषय सापडेना, म्हणून त्यांनी ती वाचलीच नाही. मामांनी त्या पुस्तकाला दुहेरी दोरा घातला. जिथे गरीब शेवटपर्यंत जगतो त्या पुस्तकाला दुहेरी दोरा, बाकीच्यांना एकेरी, हा त्यांचा कायदा. आजही त्या वाचनालयात जाऊन पुस्तकं ओढून पाहिली तर कुठला लेखक कसा होता ते हाताला कळेल.

हे सगळं कळूनही मी काय केलं ते आता सांगतो. मी कथा लिहिली. एका लहान गावात एक म्हातारा पुस्तकं बांधत असतो, त्याला खोकला असतो, आणि एका पुस्तकाचा शेवटचा टाका घालताना तो हातातल्या सुईसकट मरतो. मामांना त्या हिवाळ्यात खोकला होता. बाकी मी फार काही जुळवलं नव्हतं. मेण, मोरचूद, दाराजवळचं पोतं, सगळं जसंच्या तसं उचललं होतं. पुढच्या वर्षी एका दिवाळी अंकाने ती छापली. मंडळात वाचन झालं, नशिबाने त्या दिवशी मामा आले नव्हते. वकिलांनी रुमाल काढला, हेडमास्तरांनी मला मिठी मारली आणि फळ्यावर 'करुणा' लिहिलं. मी इतका खूश झालो की तो शब्द दोन दिवस पुसू दिला नाही. आज त्या वेळच्या त्या नव्या मास्तराला, म्हणजे मलाच, भेटलो तर त्याच्याशी एक शब्द बोलणार नाही.

वाचनालयाच्या रिवाजाप्रमाणे वर्षाचे दिवाळी अंक एकत्र बांधायचे असत. ते कोणाच्या हातात जाणार हे मला कथा लिहिताना सुचलं नव्हतं. अंक लपवावा असं एकदा मनात आलं, पण तेवढीही हिंमत झाली नाही. गठ्ठा गेला. आठ दिवसांनी तयार खंड परत आला. मी तो उघडून ओढून पाहिला. दोरा एकेरी होता. त्या शनिवारी पोतं रिकामं राहिलं, आणि पुढच्याही.

तिसऱ्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेलो. मामी चुलीवर खळ ढवळत होत्या, त्यांनी नुसतं आतल्या दाराकडे बोट केलं. मामा आत एका वहीला पुठ्ठा लावत होते. मी म्हटलं, मामा, कथेतला माणूस म्हणजे तुम्ही नव्हे. त्यांनी हातातलं काम थांबवलं नाही.

"दोन दिवस माझंच मढं शिवत बसलो मी," ते म्हणाले. "खोकला होता मले, खरं हाय. पन मी मेलो कवा?"

मी काहीतरी बोललो. वाचकाच्या मनात करुणा जागी व्हावी म्हणून, असंच काहीतरी. मामींचा पळा थांबला.

"आमच्या वस्तीतला मानूस पुस्तकात येते तो मरालेच येते. तुमी रोज घरी येऊन बसत होते. वाटलं, हे तरी जगवतीन." मग त्यांनी प्रथमच माझ्याकडे पाहिलं. "मले जगवलं असतं त काऊन वाईट झाली असती गोष्ट?"

याचं खरं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते तोंडातून काढायची लाज वाटत होती. म्हातारा जगला असता तर कथा छापली गेली नसती, आणि मला छापून यायचं होतं.

जूनमध्ये माझी शेगावला बदली झाली. मंडळाने निरोपाला हार घातला, हेडमास्तर 'त्याग' या विषयावर बोलले. दुसऱ्या दिवशी मी एसटीच्या थांब्यावर ट्रंकेवर बसलो होतो, तेव्हा मामा बाजाराच्या बाजूने चालत आले. हातात खळीचा डबा नव्हता. त्यांनी कापडात गुंडाळलेलं एक पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं. मी त्यांच्याच सवयीने आधी शेवटचं पान उघडलं. कोरं होतं. सगळंच पुस्तक कोरं होतं.

"याच्यात अजून काई लिहिलं नाई," ते म्हणाले. "दोरा मातर आधीच दुहेरी घातला हाय."

मला रडू आलं. खिशात रुमाल होता, पण मी तो काढला नाही. मी त्यांना त्यांचं नाव विचारलं. त्यांनी सांगितलं, मामींचंही सांगितलं, आणि गाडी लागली.

ती दोन्ही नावं या पुस्तकाच्या पहिल्या पानावर मी लिहिली आणि पुढची पस्तीस वर्षं त्यात एक अक्षर लिहिलं नाही. करुणेच्या कथा लिहीत राहिलो, पण त्या दुसऱ्या कागदांवर. हा मजकूर मात्र त्याच पुस्तकात उतरवतो आहे. ते पस्तीस वर्षांत एकदाही उसवलं नाही. धाडहून मला पुढे एक पत्र आलं होतं. त्यात काय होतं ते मला ठाऊक आहे आणि मी ते इथे सांगणार नाही. अशा लेखाच्या शेवटी वाचक कशाची वाट पाहतो तेही ठाऊक आहे. त्याने रुमाल खिशातच ठेवावा.

मामा, तुम्ही आधी शेवटचं पान उघडणार हे मला माहीत आहे. उघडा. इथे कोणी मेलेलं नाही.