लुदीचा खोका

बैरूतच्या दौरा नावाच्या भागात मायुमीला ओळखत नाही अशी फिलिपिनो बाई शोधून सापडायची नाही. सव्वीस वर्षांची ही पोर इथेच जन्मली, इथेच शिकली. परमुलखात हयात काढणारी आशियाई माणसं स्वतःला कोण समजतात, यावर तिचं संशोधन चाललेलं. एखाद्या मालकिणीने पासपोर्ट दाबून ठेवला की बायका धावत यायच्या त्या तिच्याकडेच. अशा मुलीला त्या शनिवारी दुपारी स्वतःचीच किळस आली.

त्या संशोधनावरचं प्रदर्शन तिचंच होतं. एका संस्थेने बागेतला बंगला दिला, आणि तिता लुदीने आपला खोका. लुदी तिच्या आईची मैत्रीण, म्हणून तिता, म्हणजे मावशीच. घरकामाला आलेली प्रत्येक बाई असा खोका वर्षभर भरते आणि नाताळाआधी बोटीने फिलिपिन्सला घरी धाडते. लुदीचा भरून, टेप मारून तयार होता. साबण, टॉवेल, चॉकलेटं, प्रत्येक वस्तूवर कुणाचं ना कुणाचं नाव. मधोमध लेकीचे, जोव्हेलीनचे, पांढरे बूट. पोरीने कागदावर पाऊल ठेवून, भोवती पेन्सिल फिरवून माप पाठवलं होतं. सोमवारी खोका बोटीवर चढणार होता.

"उघडायचा नाही हं," लुदीने बजावलं होतं.

"कुणाला हात लावू देणार नाही, तिता."

उद्घाटनाच्या दिवशी लुदी ठेवणीतला झगा घालून आली. मायुमी तिला घ्यायला बसथांब्यावर गेली, आणि दोघी परत येतात तो खोका फाडलेला! पाहुणे त्यातली चॉकलेटं खात होते. एक बाई लुदीच्या टॉवेलला चिकट बोटं पुसत होती. लुदीच्या बहिणीसाठी घेतलेलं क्रीम कुणी कोपरांना चोळत होतं. कुणाची तरी लाडावलेली कार्टी ते पांढरे बूट घालून बागेतल्या चिखलात नाचत होती, आणि आई कौतुकाने फोटो काढत होती. शिकलीसवरलेली माणसं, आणि उकिरड्यावरच्या कोंबड्या बऱ्या!

"मॅडम, हा उघडला कुणी?"

"मी," संस्थेच्या प्रमुख, रिंदाला नावाच्या मॅडम, हसून म्हणाल्या. "बंद खोक्यात बघायचं काय, डोंबल? आणि तूच तर लिहिलंयस!"

त्यांनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. मायुमीने तीन आठवडे घासून पुसून ते वाक्य लिहिलं होतं, आणि प्राध्यापकांनी त्याबद्दल तिची पाठ थोपटली होती.

लुदी कुणाशी भांडली नाही. तिने त्या मुलीच्या पायातून बूट काढले आणि झग्याला पुसले. मग पाटीपाशी जाऊन, एकेका शब्दावर बोट ठेवत वाचलं, "खोक्यातल्या वस्तूंना महत्त्व नाही. महत्त्व आहे ते त्यांच्या प्रवासाला."

"हे कुणी लिहिलं?"

मायुमीला मॅडमवर ओरडायचं होतं, पण वाक्य तिचंच होतं.

"मी, तिता."

लुदीने पिशवीतून फोन काढला, लेकीचा नंबर लावला आणि मायुमीच्या हातात दिला.

"जोव्हेलीन बुटांची वाट बघतेय," ती म्हणाली. "त्यांना महत्त्व नाही, हे तूच सांग तिला."

पलीकडे घंटी वाजत होती.